तिळगुळाच्या दिवसांतला महाभियोग

पंधरा जानेवारी दोन हजार वीस, बुधवार. दोन किलो तीळ, दीड किलो चिकीचा गूळ, अर्धा किलो दाण्याचा कूट. हजर: मी, माझा नवरा सुहास आणि आमची सतरा वर्षांची मुलगी ईरा. जागा बेसिंगस्टोकमधलं आमचं स्वयंपाकघर. बाहेर साडेचारलाच अंधारलेलं, खिडकीच्या काचेवर आतून पाणी जमलेलं. तीळ तडतडायला लागले तसा जिन्यातला धुराचा अलार्म बोंबलायला लागला आणि सुहास स्टुलावर चढून त्याच्याखाली टॉवेल हलवत उभा राहिला.

"एवढे लाडू कोण खाऊन राहिलं आपल्याकडे?" त्याने वरूनच विचारलं. नागपूर सोडून वीस वर्षं झाली तरी त्याची भाषा नागपुरातच राहिली आहे.

"लोक खातील," मी म्हणाले.

"बाबा, लोक म्हणजे व्होटर्स," ईरा म्हणाली आणि गरम लाडू तोंडात टाकून जीभ भाजून घेतली.

तिचं बरोबर होतं. तो तिळगूळ मी मतांसाठी वळत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बातम्यांत अमेरिका दिसली. एका लांबलचक दगडी दालनातून पुढे निळ्या फायली चालल्या होत्या, मागे दोन-दोनच्या रांगेत गंभीर चेहऱ्यांची माणसं. राष्ट्राध्यक्षावरच्या महाभियोगाची आरोपपत्रं एका सभागृहातून दुसऱ्या सभागृहात निघाली होती. मी डबे भरता भरता थांबले. प्रेताच्या मागे चालावं तशी ती माणसं चालत होती, आणि मला वाटलं, असंच हवं. सावकाश, सगळ्यांना दिसेल असं.

आज पुन्हा तीळ भाजते आहे. कढईतून तोच वास येतो. अलार्म आता दुसरा आहे, पण तितकाच घाबरट. काही लोकांना या वासाने आजोळ आठवतं म्हणे. मला भाऊसाहेब आठवतात.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. निवृत्त दंतवैद्य. आम्ही आलो त्याच्या कितीतरी आधी इथे आलेले, आणि अध्यक्षही तेव्हापासूनच. आमच्यात निवडणूक होत नाही. वार्षिक सभेत कोणीतरी म्हणतं, "भाऊसाहेब आहेतच की," सगळे हसतात, आणि ते असतातच. माणूस वाईट नव्हे, हे मी आधीच सांगून टाकते. विमानतळावर उतरलेल्या नवख्या जोडप्याला घरी जेवायला नेणारा, कोणाच्या आईला इथे हॉस्पिटलात ठेवलं तर डबा पोचवणारा. अर्ध्या मंडळाने त्यांच्यापुढे आ केलेला. उरलेल्या अर्ध्याच्या पोरांच्या पासपोर्टच्या फोटोमागे त्यांची सही. या देशात पासपोर्टसाठी, नागरिकत्वासाठी कोणीतरी प्रतिष्ठित माणसाने लिहून द्यावं लागतं की ही व्यक्ती हीच आहे. आमच्या गावात तो प्रतिष्ठित माणूस एकच होता. ईराच्या पहिल्या फोटोमागेही त्यांचीच सही आहे, वळणदार, निळ्या शाईची.

माझ्याकडे मंडळाचा शनिवारचा मराठीचा वर्ग होता. अकरा वर्षं. एका ज्युनियर स्कूलच्या हॉलमध्ये, गुडघे छातीला लागतील अशा खुर्च्यांवर बसून. मी नोकरीने पगारपत्रकं करणारी बाई, माझा जीव आकड्यांत. त्यामुळे मी कवितेच्या आधी पोरांना मराठी आकडे शिकवायचे. एकवीस ते नव्व्याण्णव. इंग्रजीत वीस आलं की पुढचं आपोआप येतं. मराठीत प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो, प्रत्येकाचं तोंड वेगळं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत कोण पुढे हे सात वर्षांच्या पोराला छातीठोक सांगता आलं की मला वाटायचं, आता हे पोर कुठेही हरवलं तरी परत येईल.

आदल्या ऑक्टोबरात माझे वडील गेले. मी मिरजेला गेले, तेराव्यापर्यंत थांबले, आईजवळ आणखी थोडे दिवस राहिले. तेवढ्यात इथे मंडळाची दिवाळी झाली. स्टेजवरून भाऊसाहेबांनी जाहीर केलं की मराठीचा वर्ग यापुढे त्यांची सून सायली घेईल. आणि मग, आवाज खाली आणून, बोट स्वतःच्या कपाळाकडे नेत म्हणाले, "मीनलवहिनी सध्या जरा... सावरलेल्या नाहीत. मुलांच्या दृष्टीने विचार करावा लागतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुहासनेही वाजवल्या.

"सगळे वाजवून राहिले होते," तो मला नंतर म्हणाला. "हात आपोआप गेले गं."

त्या हातांशी मी जानेवारीपर्यंत बोलत नव्हते.

वर्ग गेला याचं दुःख वेगळं. पण ते कपाळावरचं बोट. माझा बाप गेला म्हणून मी रडले, आणि ती गोष्ट माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून भरल्या हॉलमध्ये वापरली गेली. नंतर महिनाभर दुकानात भेटलेल्या बायका माझ्याशी हळू, स्पष्ट बोलायच्या, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. "झोप लागते ना?" विचारायच्या. मी दर महिन्याला तीनशे माणसांचे पगार पेनीपर्यंत बिनचूक काढत होते आणि मला विचारलं जात होतं, झोप लागते ना.

मंडळाची घटना मी काढून वाचली. आमच्यापैकी बहुतेकांना घटना आहे हेच माहीत नव्हतं. तीत लिहिलं होतं की विशेष सभेत हजर सभासदांपैकी दोन-तृतीयांश लोकांनी अविश्वास दाखवला तर अध्यक्षांना पायउतार व्हावं लागेल. सभेसाठी लागणाऱ्या सह्या मी मिळवल्या. सभा ठरली फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी. ईराच्या ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीच्या, पॉलिटिक्समध्ये नेमकी अमेरिका होती, त्यामुळे आमच्या टीव्हीवर दिवसभर तेच चाललेलं.

"आई, तिकडेपण टू-थर्ड्स लागतात," ती म्हणाली. "शंभर सेनेटर्स. म्हणजे सिक्स्टी सेव्हन."

"सदुसष्ट."

"तेच. सदुसष्ट. तो आकडा किती अग्ली आहे."

मला मात्र तो आकडा फार देखणा वाटू लागला.

त्या पंधरवड्याची मला आठवते ती थंडी, आणि दुसऱ्यांच्या घरांचे पोर्च. चपलांऐवजी बुटांचा ढीग, त्यावर ओल्या छत्र्या. दार उघडलं की गरम हवेबरोबर अत्तर, मटारच्या करंज्या आणि हीटरवर वाळत घातलेल्या युनिफॉर्मचा वास. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, आणि इथे कामाच्या दिवशी कोणाला जमत नाही, म्हणून शनिवार-रविवारी एका दिवसात चार-चार घरं. काळी साडी, वर कोट. हातात वाण: कोणाकडे मापाचे चमचे, कोणाकडे साबणाची वडी, कोणाकडे फ्रीजवर चिकटवायचं लोहचुंबक. मी प्रत्येक घरी तिळगूळ दिला आणि कुंकू लावून घेता घेता विचारलं, "सभेला येशील ना? माझ्या बाजूने?"

"अगं, हे काय विचारणं झालं?" प्राचीने माझा हात दाबला. प्राची माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. आमच्या दोघींच्या पोरी एकाच पाळणाघरात वाढल्या, आणि तिची धाकटी माझ्या वर्गात होती. "तो म्हातारा गेला ना, की मी पेढे वाटणार बघ. लिहून घे."

मी लिहून घेतलं नाही. डोक्यात ठेवलं. दुसरीने मान डोलावली, "आम्ही आहोतच." तिसरी म्हणाली, "नवऱ्यालाही घेऊन येते." चौथीने तर डोळ्यांत पाणी आणलं.

अमेरिकेत त्याच दिवसांत राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक आयोवा नावाच्या गोठलेल्या राज्यात अशाच स्वयंपाकघरांतून हिंडत होते. बुटांवर बर्फ, हातात कॉफीचा मग, आणि समोर मान डोलावणाऱ्या बायका. सुहास ती शर्यत क्रिकेटसारखी बघायचा. कोण पुढे, कोणाचा रनरेट घसरला. त्याचा लाडका उमेदवार कायम मागे असायचा. मला शर्यतीत रस नव्हता. मला खटला हवा होता. ऑफिसमधून आले की कोट न काढता मी समोर बसायचे. ते शंभर जण शाळकरी पोरांसारखे आपापल्या बाकावर बसलेले. बोलायचं नाही, फोन आणायचा नाही, प्यायला पाणी नाहीतर दूध. आरोप काय होते हे मला कोणी उठवून विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. तो माणूस दोषी की निर्दोष, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. जगात कुठेतरी, कोणत्यातरी अध्यक्षाला खुर्चीवरून उतरताना मला बघायचं होतं.

आणि तरी तिथलं गणित मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. "एका बाजूचे सत्तेचाळीस," मी सुहासला सांगायचे. "सदुसष्टला वीस कमी. ते वीस त्याच्याच पक्षातून फुटायला हवेत. साक्षीदार बोलवायला एक्कावन्न पुरतात, म्हणजे फुटायला चारच लागतात, ते चार तरी मिळू देत आधी."

चारसुद्धा मिळाले नाहीत, दोनच मिळाले. त्याच शुक्रवारी आमचा देश युरोपातून बाहेर पडला. शेजारच्या घरात कोणीतरी फटाके उडवले आणि समोरच्या घरात कोणीतरी खाडकन पडदे ओढले. दुसऱ्या दिवशी रथसप्तमी होती. मी शेवटचं हळदीकुंकू करून घरी आले, कोट काढला आणि म्हणाले, "सत्तावन्न."

"काय सत्तावन्न?"

"पक्के. ऐंशीच्या आतच लोक येतील. चोपन्नच्या वर लागणारच नाहीत."

 सुहास टॉवेलने चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "संक्रांतीत तुला कोणी नाही म्हटलंय का आजवर? कशालाच?"

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. टाळ्या वाजवणाऱ्या माणसाचं काय ऐकायचं.

आता सांगते ते नीट कळावं म्हणून आयोवाबद्दल थोडं. तिथे पेटीत चिठ्ठी टाकत नाहीत. लोक संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये, चर्चच्या हॉलमध्ये जमतात आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन चक्क उभे राहतात. शेजाऱ्याला शेजारी दिसतो. ज्याच्या कोपऱ्यात फार थोडे, त्याच्या लोकांना दुसऱ्या कोपऱ्यात जायची मुभा. मंगळवारी सकाळी आम्ही उठलो तर निकालच नव्हता. मोजणीचं ॲप बिघडलं होतं. सुहास टोस्टला लोणी लावत खोखो हसत होता. "आमची ग्रामपंचायत बरी! निदान सरपंच कोण ते रात्री तरी कळतं."

मी हसत नव्हते. मी त्या जिममधल्या माणसांचे पाय बघत होते. लाकडी जमिनीवर रंगीत पट्टे, भिंतीला बास्केटबॉलची जाळी, आणि माणसं एकाला मधोमध सोडून दुसरीकडे चालत निघालेली. तेवढ्यात मला कळलं की मला चिठ्ठ्या नको आहेत. चिठ्ठ्यांतून फक्त आकडा निघाला असता. मला भाऊसाहेबांचं तोंड हवं होतं, एकेक माणूस त्यांच्यापासून उठून माझ्याकडे चालत येताना.

"आई, सीक्रेट बॅलट माग," ईरा म्हणाली. "प्लीज. तुझी प्रॉब्लेम काय आहे माहितीये? तुला जिंकायचा नाहीये. तुला रिव्हेंज पाहिजे."

"दोन्ही पाहिजे," मी म्हणाले, आणि उघड मतदानाची मागणी सचिवांना पाठवून दिली.

बुधवारी रात्री नऊ वाजता खटल्याचा निकाल लागला. शंभर जण एकेक करून उभे राहिले. दोषी, निर्दोष, निर्दोष, दोषी. पहिल्या आरोपावर अठ्ठेचाळीस, दुसऱ्यावर सत्तेचाळीस. त्याच्या पक्षातला एकच माणूस फुटला. त्या एकाने देवापुढे घेतलेल्या शपथेचा दाखला दिला, आणि मला त्याचा राग आला, कारण तो एकच होता. सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उंच धरून दाखवत होता. मी टीव्ही बंद केला. सुहासने तो परत लावला, त्याला पुढच्या राज्याचे अंदाज बघायचे होते.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये अठ्ठ्याहत्तर सभासद आले. रविवारी मोठं वादळ येणार म्हणून सगळ्यांच्या फोनवर इशारे वाजत होते, आणि लोक आत येताना त्याचंच बोलत होते, कुंपणं टिकतील का, उद्या गाड्या बंद राहतील का. हॉलच्या एका बाजूला उंच खिडक्या. समोरच्या भिंतीला पोरांच्या व्यायामाच्या लाकडी शिड्या. तिसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची देण्याघेण्याची खिडकी, तिच्यामागे चहाचा मोठा बंब.

भाऊसाहेब गळाबंद स्वेटर घालून आले. मला नमस्कार केला. मी बोलायला उभी राहिले, पाच मिनिटं बोलले, वडिलांचं नाव घेतलं नाही. मग ते उठले. "वहिनींनी उघड मतदान मागितलंय," ते हसून म्हणाले. "किती छान. आपल्यात लपवायचं काय? मी जावं असं ज्यांना वाटतं त्यांनी खिडक्यांकडे जा. राहावं असं वाटतं त्यांनी शिड्यांकडे. आणि कोणी रागावू नका, घरचीच माणसं आहोत."

मी खिडकीकडे गेले. सुहास माझ्या मागोमाग आला, हात खिशात घट्ट कोंबून. काचेतून थंडी पाठीत शिरत होती. पाचसहा जण आले. शिड्यांकडे भाऊसाहेबांच्या घरचे गेले. सायली मान खाली घालून सासूशेजारी उभी होती, दोन वर्षांचा मुलगा तिच्या कडेवर झोपलेला. मग मध्ये उभी असलेली गर्दी हलली.

प्राची माझ्याकडे बघून हसली. मग तिने स्वतःच्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाली, "अगंबाई, बंबाचं बटण कोणी चालू केलंय का? मी चहाचं बघते." आणि ती तिसऱ्या बाजूला गेली.

तिच्या पाठोपाठ कपांचं बघायला दोघी गेल्या. दूध संपलंय का ते बघायला एक. "मी आलोच," म्हणत एक. ज्यांच्या पोरांच्या फोटोमागे सही होती ते, ज्यांच्या आईला डबा मिळाला होता ते, अक्कलदाढ काढून घेतलेले. कोणीही माझ्याविरुद्ध गेलं नाही. सगळे चहाकडे गेले. एवढ्या माणसांना एकाच वेळी इतकी तहान लागलेली मी आयुष्यात पाहिली नाही. बंबापुढे रांग लागली, आणि रांगेतली प्रत्येक पाठ माझ्याकडे होती.

खिडकीशी चौदा. शिड्यांशी एकोणीस. चहाशी पंचेचाळीस. हवे होते बावन्न.

ईराला मत नव्हतं, ती दाराशी उभी होती. तिने मोठ्याने, इंग्रजीत, एक शब्द उच्चारला. तो मी इथे लिहीत नाही. कोणीही तिला रागावलं नाही.

भाऊसाहेब माझ्यापर्यंत चालत आले. खिशातून पुडी काढली. मागे बंब खदखदत होता. "झालं गेलं विसरू या, वहिनी," ते म्हणाले. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

मी त्यांच्या तळहाताकडे बघितलं. दोन लाडू होते. "रथसप्तमी झाली, भाऊसाहेब," मी म्हणाले. "मुदत संपली." आणि कोट घेऊन निघाले.

वादळ आलं. आमचं कुंपण पडलं, शेजाऱ्यांचं पडलं. सुहास आणि शेजारी पावसात फळ्या गोळा करत होते आणि मी काचेमागे उभी राहून सत्तावन्न माणसांची नावं एकेक करून म्हणत होते. सदुसष्टला वीस कमी पडणार हे मला समुद्रापलीकडून दिसलं होतं. स्वतःच्या गावात मात्र मी अशा पंधरवड्यातले होकार मोजले, ज्या पंधरवड्यात नाही म्हणायची आपल्याला बंदी आहे. तिळगूळ हातावर ठेवून विचारलेल्या प्रश्नाला मराठी माणूस दुसरं काय उत्तर देणार?

मार्चमध्ये सगळंच बंद झालं. रस्ते इतके शांत की सकाळी पक्ष्यांचा गोंगाट व्हायचा. सायलीचा वर्ग पडद्यावर दोन महिने चालला आणि विझला. तिला ते काम कधी हवंच नव्हतं, हे नंतर कळलं. मी जूनमध्ये माझा वर्ग सुरू केला, आधी पडद्यावर, नंतर लायब्ररीच्या मागच्या खोलीत. मंडळाचा संबंध नाही. पहिल्या दिवशी तीन पोरं होती. मग फोन येऊ लागले. दबक्या आवाजात, बहुतेक गाडीत बसून केलेले.

"मीनलताई, पोराला घ्याल का? भाऊसाहेबांना मात्र कळू देऊ नका हं."

मी म्हणाले, घेईन. एक अट. तुम्ही भाऊसाहेबांना स्वतः फोन करायचा. मेसेज नाही, मेल नाही. सांगायचं की पोराला मीनलकडे पाठवतो आहोत. आणि हेही सांगायचं की मीनल तेव्हाही ठणठणीत होती, आणि आम्हाला ते तेव्हाही माहीत होतं.

"ताई, असं कसं बोलणार त्यांना?"

"जसं माझ्याशी बोलता आहात तसंच."

सुहास म्हणाला, "लेकरांचा काय दोष? काहून छळून राहिली?" मी म्हणाले, लेकरांचा काहीच नाही, म्हणून तर आईबापांकडून घेते आहे. ईरा तेव्हा केंब्रिजला जायच्या तयारीत होती. ती म्हणाली, "दॅट्स क्रुएल, आई." आणि मग, "इट्स आल्सो किंडा ब्रिलियंट."

त्यांनी फोन केले की नाही हे मला तपासावं लागलं नाही. भाऊसाहेब सभ्य माणूस. प्रत्येक फोननंतर त्यांचाच मला मेसेज यायचा. पहिला लांबलचक होता: अमुक यांचा फोन आला होता, त्यांनी आपल्याविषयी सांगितलं, आपण कुशल असाल. हळूहळू ते आखडत गेले. पाचवा दोन ओळींचा. पुढे नुसतं नाव आणि "फोन आला." मी पगारपत्रकावरून मान वर करून ते वाचायचे, आणि तोंडात गुळाचा खडा विरघळावा तसं वाटायचं. खोटं कशाला बोलू? ती चव अजून गेलेली नाही.

प्राचीने फोन केला नाही. माझ्याशी तास-दीड तास बोलली, रडली, म्हणाली, तूच सांग त्यांना माझ्या वतीने. मी तिच्या मुलीला घेतलं नाही. गुणी पोर होती, पन्नासपर्यंत आकडे धडाधड म्हणायची. आता किशोरवयात आली आहे, आजीशी फोनवर इंग्रजीत बोलते. मला तिचं वाईट वाटतं. अट तीच आहे.

अमेरिकेत तो माणूस पुढची निवडणूक हरला, त्याच्यावर दुसऱ्यांदा खटला झाला, दुसऱ्यांदा सुटला आणि पुन्हा निवडून आला. ज्या दिवशी तो पुन्हा आला त्या सकाळी ईराने केंब्रिजहून फोन केला. "तुझी अपडेट हवीये. तू ओके आहेस ना?" मी म्हणाले, मला काय झालंय? तिकडचा निकाल मी केव्हाच सोडून दिला. भाऊसाहेबही अजून अध्यक्ष आहेत. ऐंशी उलटली, काठी आली, आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतं, ते आहेतच की. त्या सभांना मी जात नाही. माझ्या खोलीत शनिवारी सव्वीस पोरं बसतात. त्यांच्या हॉलमध्ये कोणी बसत नाही.

त्यांच्या घरातलं पोर मात्र माझ्याकडे आलं नव्हतं. नातू आठ वर्षांचा झाला. येणार नाही हे मी गृहीत धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात समाधानही होतं. सव्वीस पोरं आकडे म्हणतात आणि अध्यक्षांच्या नातवाला येत नाहीत.

गेल्या शनिवारी वर्ग सुटल्यावर सायली आली. बरोबर मुलगा. त्याच्या जॅकेटची चेन तिने उगाच वरखाली केली. मग इंग्रजीत त्याला म्हणाली, जा, पुस्तकं बघ. तो गेल्यावर माझ्याकडे वळली.

"मीनलताई, तुमची अट माहिती आहे मला. मी सांगितलं त्यांना."

"फोन करून?"

"नाही. घरीच. काल जेवताना. सासूबाई भात वाढत होत्या, नणंद आली होती, सगळे होते." तिने एकदा मुलाकडे वळून बघितलं. "तुम्ही सांगितलंय तसंच म्हटलं. शब्द न् शब्द. आणि म्हटलं, तेव्हा मला वर्ग नको होता, तुम्ही मला विचारलंही नव्हतंत."

"मग?"

"सासूबाईंचा डाव तसाच हवेत राहिला."

"ते काय म्हणाले?"

"ताक मागितलं."

मी रजिस्टरमध्ये मुलाचं नाव लिहिलं. सायली म्हणाली, मी मदतीला येऊ का, शनिवारी मोकळीच असते. मी म्हणाले, नको. तिचा चेहरा उतरला. त्या शिड्यांजवळ मान खाली घालून उभी राहिलेली सव्वीस वर्षांची मुलगी मला दिसली, पण मी उत्तर बदललं नाही. मुलाला जवळ बोलावून विचारलं, कितीपर्यंत येतात? तो म्हणाला, "वीस. मग ट्वेंटी वन."

रात्री फोन बघितला. भाऊसाहेबांचा मेसेज नव्हता. रविवारीही नव्हता. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बँकेचं ॲप उघडलं. टर्मची फी चाळीस पौंड असते. ती जमा झाली होती, पूर्ण. पाठवणाऱ्याच्या जागी सायलीचं नाव नव्हतं, तिच्या नवऱ्याचंही नव्हतं. चाळीस पौंड, भाऊसाहेबांच्या स्वतःच्या खात्यातून, माझ्या खात्यात. मी पैसे ठेवून घेतले आणि पावती त्यांच्याच नावे पाठवली.